वाटणीचं पाणी

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. सुदेशला, माझ्या नवऱ्याला, एकदाच सांगितली. त्याने 'उन्हात फिरलीस ना, म्हणून' एवढंच म्हटलं आणि टीव्ही लावला. तुम्ही मघाशी विचारलंत, की इतकी वर्षं म्युझियमची कामं केलेली बाई एकाएकी घरी का बसली. म्हणून सांगते. तो दिवा राहू दे तसाच. जवळ बसा, मला मोठ्याने बोलायचं नाही, रंजिता आत झोपलीय.

नव्व्याण्णव सालचा मे महिना. मी दुबईत अल क्वोजमधल्या एका कंपनीत कामाला होते. म्युझियमला लागणारे बोर्ड, मॉडेलं, काचेची कपाटं आम्ही बनवायचो. वर्कशॉपमध्ये सुतार, वेल्डर, पेंटर, आणि वरच्या माळ्यावर आम्ही चार ऑफिसवाले. माझं काम 'रिसर्च'. म्हणजे काय, तर म्हाताऱ्या माणसांसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचं आणि ते बोलतील ते उतरवून काढायचं. अरबी मला शाळेत कमी आणि वडिलांच्या दुकानात जास्त आलं. वडील चिपळूणकडचे. शारजात त्यांचं मसाल्यांचं आणि धान्याचं दुकान होतं. तिथल्या बायका माझ्याशीच बोलायच्या, कारण त्यांना काय हवंय ते मला न सांगता कळायचं.

आमचे देवदत्त सर म्हणाले, "पर्णिका, डोंगरात एक छोटं गाव आहे, अल सिदरा. तिथे म्युझियम करायचंय. गाव कसं वसलं, कुणी वसवलं, एवढंच. सात कुटुंबं आली होती म्हणे. सात पॅनल, प्रत्येक घराण्याला एक. त्या सात कुटुंबांबरोबर लहानपणी चालत आलेली एकच बाई आता जिवंत आहे. तिचं रेकॉर्डिंग करून आण. ती गेली की खलास."

त्या वेळी माझी मन:स्थिती काही फार चांगली नव्हती, तेही सांगून टाकते. लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळेनंतर सुदेशने आणि मी तो विषय काढणं बंद केलं होतं. कामात बरं वाटायचं. दुसऱ्यांच्या घराण्यांच्या गोष्टी ऐकण्यात वेळ जायचा.

पहाटे मुश्ताकभाईंच्या गाडीतून निघालो. मुश्ताकभाई आमच्या कंपनीचे ड्रायव्हर, रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यामुळे गाडीत मराठीच चालायची. वाळवंट संपून डोंगर सुरू झाले, तसे ते म्हणाले, "ताई, मी बारा वर्षं हिते गाडी चालवतोय, पण ह्या डोंगरांवर गवताचं एक पातं पन नाय. असल्या जागेत मानसं राह्यलाच कशाला आली असतील?"

"तेच विचारायला चाललोय आपण," मी म्हटलं.

अल सिदरा म्हणजे दोन गावं होती. रस्त्यालगतचं नवं : शंभरेक बंगले, एक मशीद, एका मलबाऱ्याची ग्रोसरी, एक गॅरेज. आणि टेकडीच्या पाठीमागे जुनं : दगडामातीची घरं, बहुतेकांची छपरं खाली आलेली, मधून जाणारा कोरडा पाट. ह्या पाटाला तिथे फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून खणत खणत खाली गावापर्यंत आणायचं. अल सिदराचा फलज दहा वर्षांपूर्वीच आटला होता. आता टँकर यायचे.

ते टँकर ज्याचे, तोच खतीजा आजीचा मुलगा. ओबैद. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड, कमी बोलणारा. त्याने आम्हांला घरात बसवून कॉफी दिली, खजूर दिले, आणि म्हणाला, "आई इथे नाही. ती सकाळी जुन्या घरात जाऊन बसते. एसी आवडत नाही तिला. दुपारनंतर मी घेऊन येतो."

"रोज?"

"रोज," तो म्हणाला. "नेलं नाही तर जेवत नाही."

जुन्या घरात एक खोली तेवढी धड होती. आत चटई, एक उशी, मातीचा माठ. खतीजा आजी भिंतीला टेकून बसली होती. वय तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, पण ऐंशीच्या पुढेच. हात वाळलेल्या खारकेसारखे. डोळे मात्र लख्ख. मी तिला तिथल्या रिवाजाप्रमाणे 'उम्म ओबैद', म्हणजे ओबैदची आई, अशी हाक मारली. तिने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि विचारलं, "तू हिंदची ना? आमचा तांदूळ हिंदहून यायचा. आणि करवंट्याही."

टेप सुरू झाली. आजी अगदी ओळीने सांगत गेली. त्यांचं मूळ गाव समुद्रकाठी. एका वर्षी तिथल्या विहिरीचं पाणी खारट झालं. आधी थोडं, मग इतकं की उंटसुद्धा तोंड फिरवायचे. मग लोकांनी गाव सोडलं. खजुरीची रोपं ओल्या फडक्यांत गुंडाळून पाठीवर बांधली आणि डोंगराकडे चालत निघाले. इथे एका म्हाताऱ्याने जमिनीला कान लावला आणि सांगितलं, खाली पाणी आहे. पुरुष खणायला लागले. चाळीस दिवस खणत होते. तोवर प्यायचं पाणी दूरच्या झऱ्यावरून गाढवांवर यायचं, तिसऱ्या दिवशी एकदा, बकरीच्या कातड्याच्या पखालींमधून.

"मी सहा वर्षांची असेन," आजी म्हणाली. "सगळ्यांना पाणी मोजून मिळायचं. नारळाची करवंटी होती, घासून गुळगुळीत केलेली. मोठ्या माणसाला एक करवंटी. लहानाला अर्धी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, सूर्य बुडल्यावर एकदा."

"कोण मोजायचं?"

"सायरा," ती म्हणाली. "तिचा नवरा मोत्यांच्या बोटीवर गेला तो परत आला नव्हता. दोन मुलं होती तिला. एक मुलगी, एक मुलगा. पखाली तिच्या ताब्यात दिल्या होत्या, कारण ती खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं."

मी माझ्या यादीकडे पाहिलं. "सायरा ह्या सातांपैकी कुठल्या घराण्यातली?"

म्हातारीने डोळे मिटून घेतले. "मी थकले, बिंती, लेकी. थोडी पडते. बाकीचं नंतर."

साडेअकरा होऊन गेले होते. मुश्ताकभाई नव्या गावात नमाजला आणि जेवण आणायला गेले होते, गाडी घेऊन. आजीला डुलकी लागली. मॉडेलसाठी मला फलजच्या तोंडाचे फोटो हवे होते, म्हणून कॅमेरा घेऊन मी वरच्या घरांकडे निघाले. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. पंधरा मिनिटांत येते, असा विचार केला.

तुम्ही मे महिन्यातली तिथली दुपार पाहिलेली नाही. ऊन वरून येत नाही, दगडांतून येतं. सावली आकसून पायाखाली येऊन बसते. पक्षी नाही, माशी नाही, वारा नाही. घरांच्या मधून जाणाऱ्या वाटा सगळ्या सारख्याच. एका वाटेने वर गेले, फोटो काढले, आणि परत फिरले तर तीच पडकी भिंत पुन्हा समोर. दुसऱ्या वाटेने गेले, तरी तीच. डोकं जड झालं. तोंडात जीभ सुकून टाळूला चिकटली. मी एका उंबऱ्यावर बसले, आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

टप्… टप्… टप्.

दहा वर्षं पाणी नसलेल्या गावात पाणी ठिबकत होतं.

मग वास आला. ओल्या कातड्याचा. आमच्या दुकानात कधीकधी बकरीच्या कातड्यात भरलेले खजूर यायचे, त्यांना असाच उग्र, गोडसर वास असायचा. मी मान वळवली. ज्या घराच्या उंबऱ्यावर मी बसले होते, त्याच घरात, आत, अंधारात, एक बाई उभी होती.

मी घाबरले नाही. हे मी शपथेवर सांगते, तेव्हा मला काही वाटलंच नाही. मला वाटलं, आजीसारखीच आणखी कुणी जुन्या घराची ओढ असलेली म्हातारी असेल. काळे कपडे, तोंडावर निळसर काळा बुरखा, तिथल्या जुन्या बायका बांधतात तसा, फक्त डोळे दिसणारा. तिचे हात मात्र म्हाताऱ्या बाईचे नव्हते. माझ्याएवढ्याच वयाचे होते.

ती पुढे आली आणि माझ्यासमोर करवंटी धरली.

मी प्यायले. पाणी गार नव्हतं. कातड्याची आणि डांबराची चव होती त्याला. पण इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नाही. करवंटी रिकामी झाली तशी मी पुन्हा पुढे केली. अरबीत म्हटलं, "अजून थोडं…"

"सगळ्यांना सारखं," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. दिवसातून शंभरदा तेच वाक्य बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

मी मान हलवली, उठायला गेले. तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ. मग ती आत वळली. पुन्हा पाण्याचा आवाज आला. ती करवंटी घेऊन आली. ह्या वेळी ती अर्धीच भरली होती.

"हे लहानाचं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. डोंगराकडची बोली वेगळी असते. मी ते अर्धंही प्यायले. करवंटी परत द्यायला हात पुढे केला तर हातात काही नव्हतं, आणि समोर छप्पर नसलेलं घर होतं. आत पांढरं ऊन पडलेलं. मधोमध मुळासकट वाळलेलं एक झुडूप.

मी कशी खाली आले, आठवत नाही. वाट ह्या वेळी सरळ होती.

आजी जागी होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

मी सांगितलं. वरच्या घरात एक बाई भेटली, तिने पाणी दिलं. आजीने माझ्या हनुवटीला हात लावला. हनुवटी अजून ओली होती. तिने ते बोट आपल्या नाकाशी नेलं.

"किती दिलं?"

"एक करवंटी. आणि मग अर्धी."

"अर्धी कुणाची म्हणाली?"

"लहानाचं म्हणाली… मला नीट कळलं नाही."

टेपरेकॉर्डरकडे बोट करून तिने तो चालू करायला सांगितला. मी बटण दाबलं.

"तेहेतिसावा दिवस होता," ती म्हणाली. "दुपारची वेळ. सायरा पखालीला टेकून बसली होती. रात्रभर तिच्या मुलाला ताप होता, तिचा डोळा लागला होता. मी पखालीचं तोंड सोडलं. तोंड लावून प्यायले. पोट फुगेपर्यंत प्यायले. मग मला गाठ बांधता आली नाही. सहा वर्षांची होते… बोटांत जोर नव्हता. मी पळाले. मागे पाणी वाळूत ठिबकत राहिलं. टप्, टप्. तो आवाज मला ऐकू येत होता, तरी मी परत गेले नाही.

"आईने माझे कपडे बघितले. छातीवर सगळे ओले. तिला कळलं. तिने माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, चूप. आयुष्यभर चूप.

"गाढवं यायला दोन दिवस होते. सायराने कुणाचं माप कमी केलं नाही. सगळ्यांना पूर्ण दिलं, मलाही अर्धी करवंटी दिली. जेवढं कमी पडलं, तेवढं तिने आपल्या आणि आपल्या मुलांच्या वाट्याचं कापलं. पखाल तिच्या ताब्यात होती ना. तिची झोप, तिची चूक, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. तिसऱ्या दिवशी, गाढवं दिसायला लागली तेव्हा, मुलगी गेली. लोक म्हणाले, हिनेच पाणी सांडलं. कुणी म्हणालं, हिने चोरून विकलं. चाळिसाव्या दिवशी भुयाराला पाणी लागलं. सगळे नाचले. सायरा त्या पाण्याला शिवली नाही. एका दुपारी उठून डोंगराकडे चालत गेली, ती पुन्हा दिसली नाही. पुढे मोजणी झाली तेव्हा लोकांनी ठरवलं, सात कुटुंबं आली होती. आठवं मोजलंच नाही."

टेप सरसर फिरत होती. मी विचारलं, "आणि तुम्ही इथे रोज येऊन बसता…"

"ती येते," आजी अगदी साधेपणाने म्हणाली. "दुपारी. दारोदार तिच्या वाटणीचं पाणी घेऊन. माझ्यापुढेही धरते. ती मला ओळखते, बिंती. मीच ती, हे तिला ठाऊक आहे. तरी एक थेंब कमी देत नाही. मी घेत नाही. कुठल्या तोंडाने घेऊ? मी मान खाली घालते, ती थोडा वेळ थांबते, आणि जाते."

"आणि ते अर्धं?"

"मुलांच्या दोन अर्ध्या तिने तशाच ठेवल्यात. मी तिला त्या कधी कुणाला देताना पाहिलं नाही." म्हातारीने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि नजर पटकन काढून घेतली. "तुला दिवस गेलेत का?"

"नाही," मी म्हटलं. मला तसंच माहीत होतं.

"ती लहानाचं पाणी मोठ्याला देत नाही," ती हळू म्हणाली. "पण मग… कुणाच्या वाट्याचं दिलं तिने?"

जाताना तिने माझं मनगट धरलं. "आठवं नाव घाल. मी चोर म्हणून माझंही लिही, पण तिचं घाल."

ओबैदने बाहेर उभं राहून शेवटचं सगळं ऐकलं होतं. त्याने शांतपणे कॅसेट मागितली आणि मी दिली. तो म्हणाला, "आई म्हातारी झालीय. सात कुटुंबं आली होती. सगळ्या गावाला माहीत आहे." परतीच्या वाटेवर मुश्ताकभाईंनी दोनदा विचारलं, "ताई, तब्येत बरी नाय काय?" मी काचेतून बाहेर बघत राहिले. तोंडातली ती चव जात नव्हती.

तीन आठवड्यांनी शारजातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की मला दिवस गेलेत. तारखा मोजल्या. त्या दुपारी गर्भ जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा होता. मला स्वतःला माहीत नव्हतं, सुदेशला माहीत नव्हतं. जगात एकाच बाईला माहीत होतं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पहिल्या तीन महिन्यांत रोज सकाळी उठून मी आधी चादर बघायचे. तिसरा महिना उलटला. चौथा उलटला. पोट दिसायला लागलं. ऑफिसात सात पॅनलांची डिझाईनं तयार होऊन भिंतीला लागली होती आणि त्यांच्यासमोरून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. शेवटी मी देवदत्त सरांना सांगितलं, की एक नाव राहिलंय.

"क्लायंटने सातच अप्रूव्ह केलीत," ते म्हणाले. "तू कशाला टेन्शन घेतेस ह्या दिवसांत?"

"सर, मी एकदा गावात जाऊन ओबैदशी बोलून येते. नाही म्हणाले तर विषय सोडते."

"बरं. इन्शाल्ला होईल. पण नाही म्हणाले तर खलास."

सप्टेंबरमध्ये मुश्ताकभाईंबरोबर पुन्हा गेले. एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्यात चोरी नव्हती, खतीजाचं नाव नव्हतं. फक्त एवढंच : सायरा, जिने चाळीस दिवस सर्वांचं पाणी सांभाळलं आणि सर्वांना सारखं दिलं, आणि तिची दोन मुलं.

ओबैदच्या दारात खूप चपला होत्या. आजीला जाऊन नऊ दिवस झाले होते.

मी कागद पिशवीतच ठेवला. पण त्यानेच विचारलं, "ते नाव आणलंस का?" मी कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"शेवटी तिला उठवत नव्हतं, तरी जुन्या घरात न्या म्हणायची. मी उचलून नेलं. दुपार झाली. ती एकदम उठून बसली, तिथे… जिथे तू बसली होतीस. समोर बघून म्हणाली, मला माफ कर. मग दोन्ही हात असे पुढे केले, ओंजळीसारखे. तोंडाशी नेले. तिचा गळा हलला. मी पाहिलं, बहिणी, माझ्या आईचा गळा हलला, ती पीत होती. समोर कुणी नव्हतं. पिऊन झाल्यावर तिने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं आणि आडवी झाली." त्याने आपल्या हनुवटीवरून हात फिरवला. "तिचं तोंड पुसलं, तर फडकं ओलं झालं."

मग तो मला आणि मुश्ताकभाईंना टेकडीच्या कडेला घेऊन गेला. आजीने मरायच्या आधी त्याला जागा सांगितली होती. दोन लहान उंचवटे होते, शेजारी शेजारी, हातभर लांबीचे, डोक्याशी एक एक दगड. डावीकडचा मुलीचा, उजवीकडचा मुलाचा. मुश्ताकभाईंनी टोपी सारखी करून फातेहा म्हटला. मी माझ्या बाटलीतलं पाणी दोन्हींवर शिंपडलं. पाणी क्षणात जिरलं. माती नुसती ओढून घेत होती.

"इथे म्युझियमचं पार्किंग होणार होतं," ओबैद म्हणाला. "नाही होणार."

जानेवारीत रंजिता झाली. सुखरूप, पूर्ण दिवसांची. तिला पहिल्यांदा छातीशी घेतलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या बाईचे आभार मानले, आणि खोटं कशाला सांगू, लगेच मनात आलं, आता तिने काही परत मागू नये. त्या वर्षीच्या हिवाळ्यात म्युझियम उघडलं. दारातल्या बोर्डावर आठ नावं होती. गावातल्या एकानेही हरकत घेतली नाही. ओबैदने सांगितलं, की जुन्या बायका त्या आठव्या नावापाशी थांबून हात लावून जातात. त्यांना सगळ्यांना माहीत होतं बहुतेक. कुणी बोललं नव्हतं इतकंच.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मग मी आजही कामावर असते.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात ओबैदचा फोन आला. त्या दोन कबरींभोवती कुंपण घालायचं गावाने ठरवलं होतं, आणि माणसं कामाला लागली होती.

"एकच आहे," तो म्हणाला.

"काय एकच?"

"कबर. डावीकडची नाही. दगडही नाही."

मी म्हटलं, पाऊस पडला असेल, ओढ्याला पाणी येऊन वाहून गेली असेल. तो म्हणाला, दोन वर्षांत तिथे पाऊस नाही. मी म्हटलं, कुणी उकरलं असेल, जनावराने. तो म्हणाला, जमीन दगडासारखी टणक आहे, तिथे कधी कुदळ लागलेलीच नाही, असं कामगार सांगतायत. त्याने स्वतः पहार मारून बघितली होती.

"पण आपण दोन पाहिल्या होत्या," मी म्हटलं. "मी, तुम्ही, मुश्ताकभाई."

"हो. आपण दोन पाहिल्या होत्या."

त्याच्याकडे टँकरमध्ये पाणी भरल्याचा आवाज येत होता. माझ्या मागे रंजिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"बहिणी," ओबैद म्हणाला, "तुझ्या मुलीला तहान फार लागते का?"

आम्ही तीन डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. सगळं नॉर्मल. रोज फक्त दुपारी, फक्त ह्याच वेळी. आज मी तिला चार ग्लास दिले होते, आणि ती रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत होती.

"मोअर, मम्मा," ती हळूच म्हणाली.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. मग काढला.

"नाही," मी ओबैदला सांगितलं. "अगदी नॉर्मल आहे."